मिलन यांनी फक्त रिसीव्हरच घेतले? तसं नाही

अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉईट लायन्सचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: ‘मॅट मिलन दरवर्षी पहिल्या फेरीत रिसीव्हरच उचलायचे, म्हणून संघ बुडाला.’ मिलन तेव्हा संघाचे प्रमुख होते, खेळाडू तेच निवडायचे; आणि रिसीव्हर म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा आक्रमक खेळाडू. 2005 मध्ये तर चाहत्यांनी त्यांच्या हकालपट्टीसाठी मोर्चाही काढला होता.

राग खरा, हिशेब चुकीचा. 2001 ते 2008 या काळात मिलन यांनी ड्राफ्टच्या (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या फेरीत 9 खेळाडू घेतले. त्यांपैकी रिसीव्हर चारच: चार्ल्स रॉजर्स, रॉय विल्यम्स, माईक विल्यम्स आणि केल्विन जॉन्सन. शेवटचा तर 2021 मध्ये थेट हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला! आणि पहिल्याच वर्षी घेतलेला जेफ बॅकस आक्रमक फळीत 12 हंगाम टिकला. पण अशा खेळाडूची आठवण कोण काढतो?

खरं दुखणं बचावात होतं. त्या नवांत बचावपटू एकच, 2006 चा अर्नी सिम्स. 2005 मध्ये दहाव्या क्रमांकावर माईक विल्यम्स घेतला, आणि लगेच अकराव्यावर डॅलसच्या संघाने डीमार्कस वेअरला नेलं. वेअर बचावपटू, पुढे तोही हॉल ऑफ फेममध्ये. इथे मात्र मिलन यांची बाजू घ्यायला मी येणार नाही.

2008 च्या 0-16 हंगामात, म्हणजे सोळाही सामने हरताना, लायन्सनी प्रतिस्पर्ध्यांना 517 गुण दिले. तिसऱ्या पराभवानंतर मिलन यांना काढलं, उरलेले 13 पराभव त्यांच्या जागी सूत्रं घेतलेल्या मार्टिन मेह्यू यांच्या वाट्याला आले. दोष मात्र आजही रिसीव्हरांनाच.