‘ॲडजस्ट करा’मागचं जू

संध्याकाळच्या पुणे-लोणावळा लोकलमध्ये तिघांच्या बाकापाशी चौथा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘काका, जरा ॲडजस्ट करा ना.’ काय ॲडजस्ट करायचं, हे कुणी विचारत नाही. खिडकीतले काका पिशवी मांडीवर घेतात, मधले दोघे अंग चोरतात, चौथा टेकतो. निम्मा बाकाबाहेरच, पण टेकतो.

इंग्रजीत या क्रियापदाला सहसा कर्म लागतं: घड्याळ, आरसा, खुर्चीची उंची. आपल्या लोकलमध्ये कर्म केव्हाच उतरून गेलं. यावर नाक मुरडणारे पुण्यात कमी नाहीत, पण शब्दाचं मूळ पाहिलं तर बाजू त्या चौथ्याचीच भक्कम आहे.

लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे शेजारी, लगटून. त्यापासून पुढे ‘जवळ आणणं’ अशा अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘जोडणं’ म्हणून वावरलं. आजच्या फ्रेंचमध्ये भर घालण्याला ‘अझुते’ म्हणतात, तो याचाच वंशज. मधेच एक गफलत झाली. ‘न्याय्य, योग्य’ या अर्थाचा ‘युस्तुस’ हा वेगळाच लॅटिन शब्द. इंग्रजीतला ‘जस्ट’ त्याच्यावरून आलेला. लोकांनी या जोडण्याचा संबंध त्याच्याशी लावला आणि अर्थ सरकला: जवळ आणण्याऐवजी नेमकं करणं, ठाकठीक बसवणं. इंग्रजीत 17व्या शतकात रुळला तो प्रामुख्याने हा अर्थ. गॅरेजमध्ये ‘ब्रेक ॲडजस्ट करून दे’ म्हटल्यावर पोरगा पाना घेऊन नट जरासा फिरवतो, तो याच अर्थाने.

‘युक्स्ता’चं मूळ आणि संस्कृतातला ‘युज्’ धातू एकाच घरचे. योग, युक्त, युग ही त्याच घरातली मंडळी, आणि ‘युग’वरून आलेलं आपलं जू, बैलांच्या मानेवरचं. म्हणजे लोकलमधल्या ‘ॲडजस्ट करा’ने तो शब्द नकळत मूळ पदावर नेऊन ठेवला: शेजारी शेजारी बसवणं.

मराठीत यासाठी ‘जुळवून घेणं’ होतंच, तेही जोडण्याचंच. तरी लग्नाच्या बोलण्यांत ते मागे पडलं आणि ‘मुलगी ॲडजस्ट करणारी हवी’ आलं. जुवाला दोन माना लागतात, पण मुलाबद्दल हे वाक्य माझ्या तरी अजून कानावर आलेलं नाही.