वजाबाकीतून हाती येणारा नायट्रोजन

नदी-समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजन थेट मोजण्याची सोय आजही नाही. प्रथिनांचे तुकडे, अमिनो आम्लं, युरिया, ह्युमिक (कुजलेल्या वनस्पतींतून बनणारे) पदार्थ अशा असंख्य रेणूंत तो विखुरलेला असतो. म्हणून आधी विरघळलेला एकूण नायट्रोजन मोजायचा, त्यातून नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनियम वजा करायचं आणि उरेल तो सेंद्रिय धरायचा. एकूण म्हणून जो आकडा आला, त्यात सगळा नायट्रोजन खरंच आला का, यावरच इथले मोठे वाद झाले.

पहिला वाद लंडनच्या पिण्याच्या पाण्यावरून झाला; पाण्यात सांडपाणी मिसळलंय का, हे रसायनशास्त्रज्ञ सेंद्रिय नायट्रोजनवरून ओळखू पाहत होते. 1866 च्या पटकीच्या साथीनंतर, 1867 मध्ये वँक्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कधर्मी परमँगनेटबरोबर पाणी उकळून सुटणारा अमोनिया मोजला. फ्रँकलंड आणि आर्मस्ट्राँग यांनी 1868 मध्ये पाणी आटवून उरलेला साका कॉपर ऑक्साइडबरोबर जाळला आणि निघालेले वायू मोजले. परमँगनेटने सेंद्रिय नायट्रोजनचा काही भागच सुटतो, हा फ्रँकलंड यांचा आक्षेप रास्त होता. तरी सोपी असल्याने वँक्लिन यांचीच पद्धत जास्त पसरली.

1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत येल्डाल यांनी धान्यातल्या प्रथिनांसाठी सल्फ्युरिक आम्लाची पद्धत बसवली. ती पाण्यालाही लागू झाली. 1934 मध्ये क्रोग आणि अँसेल कीज यांनी समुद्राच्या पाण्यातल्या सेंद्रिय कार्बन-नायट्रोजनसाठी पद्धती मांडल्या. (आहार आणि हृदयरोगाच्या संशोधनामुळे पुढे नावाजलेले ते हेच कीज.) 1966 मध्ये सेंद्रिय रेणू प्रकाशाने फोडणारा अतिनील दिवा आला. मग कोरोलेफ यांची अल्कधर्मी परसल्फेटची पद्धत रूढ झाली: नमुना ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात) तापवला की सगळ्या नायट्रोजनचं नायट्रेट होतं. मात्र परसल्फेटमध्येच थोडा नायट्रोजन असतो, म्हणून ते पुन्हा स्फटिकीकरण करून शुद्ध करावं लागतं. नाहीतर नमुना न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीतही नायट्रोजन दिसतो आणि आकडा फुगतो.

1985 मध्ये जपानच्या सुझुकी, सुगिमुरा आणि इतोह यांनी प्लॅटिनम उत्प्रेरकावर उच्च तापमानाला पाणी जाळलं आणि जुन्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन मिळाल्याचं जाहीर केलं. हे खरं असतं, तर समुद्रातल्या नायट्रोजनचा ताळेबंद नव्याने मांडावा लागला असता. पण 1989 मध्ये वॉल्श यांनीही उच्च तापमानाला पाणी जाळून पाहिलं. त्यांना तो जादा नायट्रोजन दिसला नाही. 1991 मध्ये सिअ‍ॅटलच्या कार्यशाळेत या पद्धतींची समोरासमोर तुलना झाली आणि 1993 मध्ये सुझुकी यांनी आपले आकडे जाहीरपणे मागे घेतले. इतक्या गाजलेल्या निष्कर्षाबाबत असं पाऊल उचलायला मोठं धैर्य लागतं, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

तरीही वजाबाकीची अडचण राहिलीच. समजा, खोल समुद्रातल्या पाण्यात एकूण नायट्रोजन लिटरला 38 मायक्रोमोल आहे आणि नायट्रेट 35. उरले 3. दोन्ही मोजमापांत 2 टक्क्यांची चूक धरली, तर या 3 मधला सुमारे 1 संशयात जातो. शेतातलं खत किंवा सांडपाणी मिसळलेल्या नदीत नायट्रेट याहून कितीतरी जास्त असतं, तिथे उत्तर चक्क उणे येऊ शकतं. म्हणून ली आणि वेस्टरहॉफ या जोडीने 2005 मध्ये वेगळी वाट धरली: आधी डायलिसिसच्या पडद्यातून असेंद्रिय नायट्रोजन कमी करायचा आणि मगच वजाबाकी करायची.