दाखल्यावर सही डॉक्टरांचीच का लागते? आमच्या पशुपालकांसाठी माहिती

आमच्या पशुसेवा केंद्रात दोन प्रकारची माणसं काम करतात, हे नेहमीच्या मंडळींना माहीत आहे. एक, पशुवैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर. दुसरे, पशुसंवर्धनाची पदविका घेतलेले पर्यवेक्षक. गोठ्यावर दोघेही येतात, दोघांच्याही हातात बॅग असते आणि गावात दोघांनाही ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतात. रोजच्या कामात त्याने काही बिघडत नाही. अडचण येते ती कागद लागला की.

दर आठवड्याला असा एक तरी फोन येतो. गाईला ताप आहे म्हणून बोलावतात, पर्यवेक्षक जातात, तपासतात, आमच्याशी बोलून औषध देतात. निघताना मालक विम्याचा फॉर्म पुढे करतात आणि म्हणतात, “आलाच आहात तर एवढी सही करून जा.” पर्यवेक्षक नाही म्हणतात. मग राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण ती सही त्यांनी केली असती तर नुकसान तुमचंच झालं असतं.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 मध्ये कलम 30 आहे. जनावराच्या आरोग्याचा दाखला, किंवा कायद्याने पशुवैद्यकाची सही मागितली आहे असा कोणताही दाखला, नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचा, असं ते सांगतं. कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायचा हक्कही त्यालाच. ही नोंदणी आपल्याकडे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत, नागपूरला होते आणि त्यासाठी पशुवैद्यकीय पदवी लागते. नोंदणी झालेल्या डॉक्टरला क्रमांक मिळतो. दाखल्यावर सहीखाली तो क्रमांक आहे का, हे बघायची सवय लावून घ्या. आमच्याही दाखल्यावर बघा आणि दुसऱ्या कोणाकडून घेतलात तरी बघा. जो डॉक्टर नोंदणीकृत आहे, त्याला क्रमांक विचारल्याचा राग यायचं कारण नाही.

पदविकाधारकांचं नाव त्या नोंदवहीत नसतं. याचा अर्थ त्यांचं काम बेकायदा आहे असा मुळीच नाही. त्याच कलमात तरतूद आहे की राज्य शासनाच्या आदेशाने पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवा द्याव्यात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही उदाहरणं कायद्यातच दिली आहेत. यातला ‘देखरेखीखाली’ हा शब्द आम्ही मनापासून पाळतो. म्हणून आमचे पर्यवेक्षक गोठ्यातून फोन लावतात. काहींना वाटतं, यांना येत नाही म्हणून विचारतात. तसं नाही. त्यांचा हात जखमेवर आमच्यापेक्षाही चांगला चालतो. घटसर्प-फऱ्याची लस शंभर जनावरांना एका सकाळी देऊन होते ती त्यांच्यामुळेच. पण निदान आणि औषध ठरवणं ही डॉक्टरची जबाबदारी आहे.

व्यालेली गाय मान वळवून बसली, कान गार पडले, उठत नाही, म्हणजे बहुतेक दुग्धज्वर. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची असते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच “बाटली आहे आमच्याकडे, फक्त लावून द्या” असा आग्रह होतो. ती बाटली घाईने सोडली तर हृदय बंद पडून गाय जागेवर जाते. डॉक्टर एका हाताने बाटली धरतो, दुसऱ्या हाताने छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतो आणि ठोका चुकायला लागला की धार थांबवतो. अशा वेळी आम्ही डॉक्टरच पाठवतो. त्याची फी वेगळी पडते, आणि ती आम्ही कमी करत नाही. जार अडकणं, मायांग बाहेर येणं, अडलेलं वासरू यांनाही तेच लागू. सरकारच्या ‘मैत्री’ योजनेतून तयार झालेल्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण मुख्यतः कृत्रिम रेतनाचं असतं. त्यांच्याकडून या कामांची अपेक्षा ठेवू नका.

आता जी चूक सगळ्यात महागात पडते ती. फोन करताना लोक आजार सांगतात, पण कागद लागणार आहे हे सांगत नाहीत. मग पर्यवेक्षकाची एक फेरी होते, डॉक्टरची दुसरी, आणि मधला दिवस वाया जातो. विमा उतरवायचा असेल, जनावर गाडीतून दूर न्यायचं असेल (वाहतुकीसाठीही पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं), तर पहिल्याच वाक्यात तसं सांगा. डॉक्टर येतील तेव्हा जनावर बांधलेलं आणि कान धुतलेला असू द्या. कानातल्या ओळखीच्या टॅगवरचे बाराही आकडे दिसायला हवेत. शेणाने माखलेल्या टॅगवर 3 आणि 8 सारखेच दिसतात, आणि एक आकडा चुकला की कागदावरची गाय वेगळी आणि गोठ्यातली वेगळी ठरते.

विमा उतरवलेलं जनावर दगावलं तर घाई आणखी नडते. दुःखात लोक आधी पुरून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा दाखला मागायला येतात. न पाहिलेल्या जनावराचा दाखला आम्ही देत नाही, देणारही नाही. जनावर गेलं की आधी विमा कंपनीला आणि आम्हाला फोन करा, रात्र असली तरी करा. उन्हाळ्यात काही तासांतच पोट फुगतं, आतले अवयव सडायला लागतात आणि मरणाचं कारण सांगणं कठीण होतं. सावलीत ठेवा, कानातला टॅग काढू नका, कान कापू नका. टॅगसकट फोटो काढून ठेवा. आणि नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर जनावराला हातही लावू नका. ती काळपुळी असू शकते, माणसालाही होते, आणि असं जनावर फाडायचं नसतं. तिथे कानाच्या शिरेतून रक्ताचा नमुना घेतात, आणि तो निर्णय डॉक्टरच घेतो.

वीज पडून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर शासकीय मदतीचा पंचनामा सरकारी यंत्रणाच करते. तिथे आमच्या कागदाचा उपयोग नाही. तलाठी, वनविभाग किंवा सरकारी दवाखान्याला लगेच कळवा.

आमच्याकडे ज्यांच्या जनावरांची नोंदवही आहे, त्यांचे टॅग क्रमांक, लसी, वेतं आणि विम्याची मुदत आम्ही लिहून ठेवतो, आणि मुदत संपायच्या आधी फोन करतो. नोंदवहीचे वेगळे पैसे नाहीत. लसीकरणाला येऊ तेव्हा पर्यवेक्षक प्रत्येक टॅग वाचून वहीशी जुळवतात. टॅग तुटलेला किंवा पडलेला दिसला तर त्याच दिवशी सांगा. नवीन टॅग मारून त्याचा क्रमांक विमा कंपनीला लेखी कळवावा लागतो, आणि ते पत्र आम्ही तयार करून देतो.