लाईट लांब नेला की सॉफ्ट होतो? उलटं आहे

पोर्ट्रेट शिकायला लागलं की कोणीतरी हमखास सांगतं, सावल्या कडक येतायत ना, मग सॉफ्टबॉक्स (लाईटवर लावायचा पांढऱ्या कापडाचा डबा) मागे घे. हे चुकीचं आहे राव. लांब नेल्यावर लाईट कमी होतो, आणि कमी म्हणजे सॉफ्ट असं लोक धरून चालतात, पण सॉफ्टनेस ठरतो चेहऱ्याच्या जागेवरून लाईट केवढा मोठा दिसतो त्यावर. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किमी, तरी दुपारची सावली चाकूने कापल्यासारखी, कारण तो १५ कोटी किमीवर आहे आणि आपल्याला टिकलीएवढा दिसतो.

९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स ३ मीटरवरून १ मीटरवर आणा आणि नाकाखालच्या सावलीची कड बघा, धारदार रेघ जाऊन हळूहळू विरत जाते. डोळ्यातला कॅचलाईट, म्हणजे लाईटचं चमकतं प्रतिबिंब, तोही मोठा होतो. हां, जवळ आणल्यावर पॉवर कमी करावी लागते, अंतर निम्मं झालं की उजेड साधारण चौपट, म्हणजे २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). शिवाय बॅकग्राउंड आपोआप काळपट पडतं, आणि फॅशनच्या फुल लेंथ शॉटमध्ये चेहरा उजळ नि पाय अंधारात असं होतं, तिथे मात्र लाईट मागेच न्यावा लागतो, पण मग सॉफ्टबॉक्सही मोठा घ्या.