जुना गेम पुन्हा येतोय? कॉपीराइटची अफवा कशी तपासायची, आणि हक्क असतील तर अर्ज कसा करायचा

एखादा गाजलेला गेम पुन्हा बाजारात येणार अशी कुणकुण लागली, की पाठोपाठ अफवा सुरू होतात. हक्क संपलेत, हक्क दुसऱ्याच कंपनीने घेतलेत, मूळ लेखकांनी हरकत घेतलीये. गेम अमेरिकेत प्रकाशित झालेला असेल, तर यातलं बरंचसं तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदींत तपासता येतं. या नोंदी कुणालाही खुल्या आहेत. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, वकील लागत नाही, आणि १९७८ पासूनच्या नोंदी ऑनलाइन मोफत शोधता येतात.

‘हक्क संपले’ ही अफवा जवळजवळ नेहमीच चुकीची असते. कंपनीने पगारी नोकरांकडून करून घेतलेल्या गेमला प्रकाशनापासून ९५ वर्षं किंवा निर्मितीपासून १२० वर्षं, यांतली जी मुदत आधी संपेल ती मिळते. १९८५ चा असा गेम २०८० च्या अखेरपर्यंत सुरक्षित आहे. खरा अपवाद एकच: १ मार्च १९८९ पूर्वी तिथे कॉपीराइटची सूचना (© चिन्ह, वर्ष आणि मालकाचं नाव) न छापता प्रकाशित झालेला आणि पाच वर्षांच्या आत नोंदवून ती चूक न सुधारलेला गेम. म्हणून आधी सुरुवातीचा स्क्रीन, कार्ट्रिजचं (कन्सोलमध्ये घालायच्या गेमच्या कॅसेटचं) लेबल आणि खोका पाहा. तरीही घाई नको, कारण परदेशी गेमचे असे गेलेले हक्क १९९६ पासून बहुतांशी परत मिळालेले आहेत.

नोंदी शोधताना

गेमच्या नावाने शोधा, मग मूळ कंपनीच्या नावाने, आणि गेम जपानी असेल तर रोमन लिपीतल्या जपानी नावानेही. नोंदणी क्रमांकाच्या आरंभी ‘पीए’ असेल तर ती दृक्‌श्राव्य कृतीची नोंद, ‘टीएक्स’ असेल तर बहुधा प्रोग्रामच्या कोडची. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. या नोंदीत पहिला दावेदार दिसतो, आजचा मालक नव्हे. पुढची विक्री, तारण, कंपन्यांचं विलीनीकरण हे सगळं ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या, वेगळ्या नोंदवलेल्या दस्तांत असतं. शोध कार्यालयाकडूनच करून घ्यायचा असेल तर दर ताशी २०० डॉलर आहे आणि किमान दोन तासांचं शुल्क भरावं लागतं.

नोंद सापडली नाही म्हणजे हक्क नाही असं समजू नका. नोंदणी ऐच्छिक आहे. कॉपीराइट कृती तयार होताच मिळतो.

ट्रेडमार्कची, म्हणजे नाव-चिन्हावरच्या हक्काची, गोष्ट वेगळी. जुन्या गेमच्या नावासाठी नवा अर्ज आला की ‘पुनर्प्रकाशन ठरलं’ अशी बातमी पसरते. अर्जाचा आधार आधी वाचा. ‘वापरण्याचा हेतू’ एवढ्यावरही अर्ज करता येतो, आणि मंजुरीनंतर प्रत्यक्ष वापर दाखवायला मुदतवाढींसह ३६ महिने मिळतात. तोवर एकही प्रत विकलेली नसू शकते. शिवाय नावाचा हक्क म्हणजे कोडचा हक्क नव्हे.

हक्क तुमच्याकडे असतील तर

नोंदणीचा अर्ज लेखक, लेखकाकडून हक्क मिळालेली व्यक्ती वा कंपनी, किंवा त्यांचा अधिकृत प्रतिनिधी करू शकतो. ऑनलाइन प्रमाणित (‘स्टँडर्ड’) अर्जाचं शुल्क ६५ डॉलर आहे. सोबत स्रोत कोडची पहिली २५ आणि शेवटची २५ पानं द्यायची. एकूण कोड ५० पानांपर्यंतच असेल तर सगळा. व्यापारी गुपितं ठरलेल्या मर्यादेत झाकता येतात. चित्र-ध्वनीवरही दावा असेल तर ते दाखवणारं चित्रीकरणही जोडा.

सर्वांत जास्त गोंधळ आवृत्त्यांचा होतो. नव्या आवृत्तीची नोंदणी फक्त नव्याने घातलेल्या भागाला लागू होते: नवी चित्रं, नवा कोड, नवे टप्पे. जुना भाग अर्जात वगळलेला दाखवावा लागतो. मूळ गेम कधीच नोंदवला नसेल तर त्याचा स्वतंत्र अर्ज करा आणि सोबत मूळ आवृत्तीचीच सामग्री द्या. सुधारलेला कोड जोडून १९९१ चा गेम नोंदवायला गेलात तर अर्ज अडकणारच. प्रथम प्रकाशनापासून पाच वर्षांत झालेली नोंदणी न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. त्यानंतरच्या नोंदणीला किती वजन द्यायचं ते न्यायालय ठरवतं.

हक्क विकत घेतले असतील तर सहीचा लेखी दस्त हवाच. तोंडी हस्तांतरण चालत नाही. ऑनलाइन दस्तनोंदीला एका कृतीसाठी ९५ डॉलर, कागदी असेल तर १२५. दस्त पूर्ण आणि वाचता येणारा असावा, त्यात उल्लेखलेली परिशिष्टं जोडलेली असावीत. त्यात गेमचं नाव किंवा नोंदणी क्रमांक स्पष्ट असेल आणि मूळ कृती नोंदलेली असेल, तरच इतरांना त्याची माहिती आहे असं कायदा मानतो. तोच हक्क दोघांना विकला गेला असेल, तर अमेरिकेत सही झालेला दस्त महिन्याभरात आणि बाहेर झालेला दोन महिन्यांत असा नोंदवणाऱ्या आधीच्या खरेदीदाराचं पारडं जड राहतं. दस्त खरा की खोटा, हे मात्र कार्यालय तपासत नाही.

करार करणारा नोकर नसून स्वतंत्र लेखक होता का, हेही पाहा. १९७८ पासून त्याने स्वतः दिलेला हक्क तो साधारण ३५ वर्षांनी परत मागू शकतो. त्यासाठी दोन ते दहा वर्षं आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती कार्यालयात नोंदवावीही लागते. म्हणजे ‘मूळ लेखकांची हरकत’ या अफवेचाही माग दस्तांत काढता येतो.

गाण्यांचे परवाने मात्र बहुधा खासगी करारांत असतात, नोंदींत सापडत नाहीत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी’ या गेमच्या नंतरच्या आवृत्त्यांतून काही गाणी गेली ती परवान्यांची मुदत संपल्यामुळे. जेम्स बाँडच्या चित्रपटावरचा ‘गोल्डनआय ००७’ हा गेम १९९७ नंतर आधुनिक कन्सोलवर यायला २०२३ उजाडलं, कारण गेम, चित्रपट आणि कन्सोल यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत होते. अशा गेमसाठी प्रत्येक गाण्याचा आणि गेममध्ये दिसणाऱ्या प्रत्येक कलाकाराच्या चेहऱ्याचा करार काढून त्यातली मुदत, प्रदेश आणि माध्यम ही तीन कलमं आधी वाचा. जुन्या करारात ‘कार्ट्रिज’ एवढंच माध्यम लिहिलेलं असेल, तर डाउनलोड विक्रीसाठी नवा परवाना घ्यावा लागण्याची शक्यता मोठी असते.