टेस्ला वेटोळ्यातील दुय्यम वेटोळे

टेस्ला वेटोळे हे लोखंडी गाभा नसलेले, अनुस्पंदनावर (रेझोनन्स) चालणारे उच्च कंप्रतेचे (फ्रिक्वेन्सी) रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) होय. त्यातील ज्या वेटोळ्याला वीज पुरवतात ते प्राथमिक वेटोळे. बारीक तारेच्या शेकडो फेऱ्यांचे उभे वेटोळे म्हणजे दुय्यम वेटोळे, प्रचारात ‘सेकंडरी’. त्याचे खालचे टोक जमिनीला आणि वरचे टोक धातूच्या कड्याला जोडतात.

निकोला टेस्ला यांच्या १८९१ मधील विद्युत् प्रकाशाविषयीच्या अमेरिकी पेटंटपासून या रचनेचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. त्याच सुमारास एलिहू टॉमसन यांचेही उच्च कंप्रतेच्या रोहित्रांवर काम चालू होते, तर ऑलिव्हर लॉज यांनी १८८९ च्या आसपास लायडन पात्रांच्या (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या) दोन मंडलांत सममेळ, म्हणजे एकाच कंप्रतेवर जुळणी, साधून दाखवला होता. अग्रक्रमाचा वाद त्यामुळे जुनाच आहे. तरी दुय्यम मंडल हेतुपुरस्सर जुळवून घेण्याचे श्रेय टेस्ला यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

तारेची लांबी किती असावी, यावर मात्र घरगुती प्रयोग करणाऱ्यांत आजही एकमत नाही. टेस्ला यांच्या १९०० मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात ती तरंगलांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असावी असे म्हटले आहे. पण हा अंदाज खुद्द वेटोळ्यातून जाणाऱ्या विद्युत् विक्षोभाच्या (तरंगाच्या) वेगावर बेतलेला आहे, अशी पुस्तीही तेथेच जोडलेली आहे. पुढे ही पुस्ती गळाली आणि प्रकाशाचा वेग धरून तार मोजण्याची रीत पडली. व्हीलर यांचे वेटोळ्याच्या प्रवर्तकतेचे (इंडक्टन्स) सूत्र (१९२८) आणि मेडहर्स्ट यांचे वेटोळ्याच्या स्वधारकतेवरील, म्हणजे त्याच्या स्वतःच्या धारकतेवरील (कपॅसिटन्स), काम (१९४७) हाताशी घेतले की ही रीत टिकत नाही.

उदाहरणार्थ, ११० मिमी. बाह्यव्यासाच्या पीव्हीसी पाइपवर अर्धा मिमी. जाडीची एनॅमल तार ५० सेंमी. उंचीपर्यंत खेटून गुंडाळल्यास सुमारे ९०० फेरे बसतात. तार अंदाजे ३१० मी. लागते आणि वजनाने अर्ध्या किलोच्या थोडी वर भरते. प्रवर्तकता सुमारे १७.५ मिलिहेन्री आणि स्वधारकता ८ ते ९ पिकोफॅरड येते. म्हणजे कडे नसताना अनुस्पंदन कंप्रता ४०० किलोहर्ट्झच्या आसपास. चतुर्थांशाच्या सरधोपट हिशेबाने ती २४० किलोहर्ट्झच निघते. मात्र माथ्यावर मध्यम आकाराचे कडे चढवले की खरी कंप्रता अडीचशे-तीनशेच्या घरात उतरते. चुकीचा नियम इतकी वर्षे तगला तो बहुधा या योगायोगामुळे.

उंची आणि व्यास यांचे गुणोत्तर सामान्यतः ३ ते ६ ठेवतात. आखूड वेटोळ्यात ठिणगी वरच्या टोकापासून थेट प्राथमिक वेटोळ्यावर उतरते. फार उंच वेटोळ्याला त्या प्रमाणात अधिक लाभ होत नाही. दोन्ही वेटोळ्यांची चुंबकीय जुळणी (कपलिंग) गरजेपेक्षा घट्ट झाल्यास दुय्यमाच्या अंगावरून ठिणग्या धावू लागतात आणि एनॅमल जळते. अतिशय बारीक तारेने फेरे वाढतात, पण रोधही वाढतो. ३०० किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या जेमतेम ०.१२ मिमी. खोलीपर्यंतच शिरतो, त्यामुळे जाड तारेचाही पुरता फायदा मिळत नाही. सपाट चकतीसारख्या वेटोळ्याचे वर्णन टेस्ला यांच्या १८९७ च्या पेटंटात आढळते. हौशी प्रयोगांत ते कमी दिसते.

कोल्हापुरात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे एनॅमल तार गेजप्रमाणे, किलोच्या भावाने मिळते. सबमर्सिबल पंपाची तार तेथे सहज हाती येते, पण तिच्यावरील प्लॅस्टिकच्या जाड वेष्टनामुळे तितक्याच उंचीत फेरे बरेच कमी बसतात. या कामी ती टाळलेलीच बरी. शिवाजी उद्यमनगरासारख्या भागात लेथ सापडणे अवघड नाही. पाइपच्या दोन्ही तोंडांत लाकडी चकत्या ठोकून तो लेथवर अगदी मंद फिरवतात आणि तार कापडाच्या चिमटीतून ताणून सोडतात. एक फेरा दुसऱ्यावर चढला, तर तेवढे उलगडून पुन्हा गुंडाळावे लागते, कारण ठिणगी नेमकी तेथेच फुटते. तारेचे टोक भोक पाडून पाइपच्या आत घेऊ नये, अन्यथा आतून ठिणगीची वाट तयार होते.

पुठ्ठ्याची नळी स्वस्त पडते, पण येथील पावसाळ्यात ती ओल धरते आणि वेटोळ्याची गुणवत्ता घसरते. ती आधी उन्हात वा मंद आचेवर पूर्ण सुकवून आतून-बाहेरून वार्निश द्यावे. गुंडाळल्यानंतर तारेवरही वार्निशचे दोन-तीन पातळ हात देतात. खालचे टोक घराच्या अर्थिंगला न जोडता स्वतंत्र सळई ठोकून जमिनीला द्यावे, नाहीतर उच्च कंप्रतेचा प्रवाह घरातील उपकरणांत शिरतो. माथ्यावरच्या ठिणग्या भीतिदायक दिसल्या, तरी प्राणघातक ठरतो तो प्रामुख्याने प्राथमिक बाजूचा रोहित्र-धारित्राचा भाग.