रंग ॲल्युमिनियमला लागतच नाही

ॲल्युमिनियमची जुनी होडी घरच्या घरी रंगवून नवीकोरी करण्याचे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. पाण्याचा जोरदार फवारा, वरवर घासणं, स्प्रेचे डबे रिकामे करणं आणि शेवटी उन्हात चमकणारी होडी. त्याच होडीचा पुढच्या मोसमातला व्हिडिओ मात्र कुणी काढत नाही. काढला असता तर त्यात नखाने सुटणारे तळहाताएवढे पोपडे दिसले असते. पोपडे निघाले की शिव्या रंगाच्या डब्याला. बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो.

याच्या जोडीला आणखी एक समजूत आहे: ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणजे तो आळशी, कशाच्या अध्यातमध्यात न पडणारा धातू असला पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ऑक्सिजनसाठी ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी अधिक हपापलेला असतो. रेल्वेचे रूळ जोडायची थर्मिट प्रक्रिया याच हपापलेपणावर चालते. त्यात ॲल्युमिनियमची पूड लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेते आणि इतकी उष्णता निघते की लोखंड वितळून वाहू लागतं. असा धातू पाण्यात, वाऱ्यात, उन्हात वर्षानुवर्षं शाबूत राहतो, कारण तो आपल्याला उघडा कधी भेटतच नाही. पत्र्यावर कायम ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा असतो. कोरड्या हवेत त्याची जाडी असते २ ते ४ नॅनोमीटर. रंगाचा एक साधा हात ५० मायक्रोमीटरचा धरला, तरी तो या पापुद्र्याच्या दहा हजारपटींहून जाड भरतो. आपण रंग लावतो तो या पापुद्र्याला. धातूला तो कधी शिवतही नाही.

हा पापुद्रा २–४ नॅनोमीटरवर थांबतो तरी का? हपापलेला धातू आणि भोवती अमर्याद ऑक्सिजन असताना सगळा पत्राच का खाल्ला जात नाही? भौतिकशास्त्रातल्या माझ्या अत्यंत आवडत्या प्रश्नांपैकी हा एक आहे, तेव्हा रंगाचा ब्रश थोडा वेळ बाजूला ठेवू.

पत्रा पॉलिश पेपरने घासला की क्षणभर चकचकीत धातू उघडा पडतो. ऑक्सिजनचे रेणू त्यावर आपटतात, फुटतात, इलेक्ट्रॉन घेतात आणि अणूंचे पहिले काही थर डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार होतात. इथवर शाळेतलं रसायन पुरतं. पण आता धातू आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये ऑक्साइड आलं, आणि ते उत्तम विद्युतरोधक आहे. त्यातून ना इलेक्ट्रॉन सहज जाणार, ना ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. नेहमीच्या तापमानाला आयनांकडे त्या थरातून वाट काढण्याएवढी ऊर्जा नसतेच. तरीही थर वाढत राहतो.

याचं उत्तर १९४९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातले निकोलास काब्रेरा आणि नेव्हिल मॉट यांनी मांडलं. थर जोवर काही नॅनोमीटरचाच आहे, तोवर इलेक्ट्रॉन तो पुंजयामिकीच्या नियमांनी, ज्याला टनेलिंग म्हणतात त्या वाटेने, ओलांडतात. पलीकडच्या पृष्ठभागावर बसलेला ऑक्सिजन ते पकडतो आणि ऋणभारित होतो. धातूची बाजू धनभारित राहते. दोन्हींमध्ये साधारण एक व्होल्टचा फरक निर्माण होतो. एक व्होल्ट म्हणजे घड्याळातल्या सेलपेक्षाही कमी, पण तो पडतो २ नॅनोमीटरवर. भागाकार करून पाहा: मीटरमागे ५० कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. एवढ्या प्रचंड क्षेत्रात ॲल्युमिनियमचे आयन अक्षरशः ओढले जातात. स्वतःच्या ऊर्जेवर जी वाट त्यांना जमली नसती, त्या वाटेने ते ऑक्साइडमधून पुढे सरकतात आणि थर वाढतो.

वाढीतच तिचा शेवट दडलेला असतो. व्होल्टेज तेवढंच राहतं आणि जाडी वाढते, म्हणजे क्षेत्र घटतं. आयन एका जागेवरून पुढच्या जागी उडी मारण्याची शक्यता क्षेत्राच्या घातांकी प्रमाणात असते. त्यामुळे जाडी दुप्पट झाली की वेग निम्मा होत नाही, तो कित्येक पटींनी कोसळतो. वेगाच्या सूत्रात जाडी घातांकाच्या छेदात बसते. ज्यांना गणिताची गोडी आहे त्यांनी त्याचं संकलन करून पाहावं. वेळ आणि जाडी यांचं नातं लॉगॅरिथमच्या उलट रूपात बाहेर पडतं. वाढ कायमची थांबत नाही, पण पुढच्या अर्ध्या नॅनोमीटरसाठी लागणारा काळ इतका ताणला जातो की व्यवहारात ती थांबलीच म्हणायची. बाहेरून बॅटरी जोडली की थर पुन्हा वाढू लागतो, दर व्होल्टमागे साधारण सव्वा ते दीड नॅनोमीटर. ॲनोडायझिंगच्या, म्हणजे वीज देऊन ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड करण्याच्या, मुळाशी हेच तत्त्व आहे.

आणखी एक गोष्ट ॲल्युमिनियमच्या पथ्यावर पडते. जेवढा धातू खर्च झाला त्याच्या १.२८ पट आकारमानाचं ऑक्साइड तयार होतं, म्हणजे खालचा पृष्ठभाग पुरता झाकला जातो आणि थोडं दाबूनही बसतं. लोखंडाचा तांबूस गंज याहून फार फुगतो, सच्छिद्र असतो, सुटून पडतो आणि पुन्हा नवं लोखंड उघडं करतो.

मग अडचण काय? पापुद्रा एवढा पक्का आहे तर रंग त्यालाच घट्ट बसायला हवा. ताज्या, कोरड्या, स्वच्छ पापुद्र्यावर तो बसतोही. एपॉक्सी, म्हणजे राळ आणि ती कडक करणारा हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा रंग, तर फारच छान, कारण ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांशी तिचे रेणू हायड्रोजन बंधांनी जखडतात. पण वर्षानुवर्षं वापरलेल्या होडीवरचा थर तसा राहिलेला नसतो. ओलाव्यात वरच्या बाजूला हायड्रॉक्साइडचा भुसभुशीत थर साचतो, त्यात क्षार, तेल आणि शेवाळाचे अवशेष अडकतात. त्यावर मारलेला रंग म्हणजे धुळीच्या भिंतीवर लावलेली चिकटपट्टी. पट्टीचा डिंक कितीही चांगला असो, सुटते ती धूळ.

जुना पोपडा हाती आला तर फेकण्यापूर्वी उलटून पाहावा. मागे पांढरी पिठूळ पूड असेल, तर रंग चिकटला होता पण खालचा ऑक्साइडचा थरच फाटला. पाठ स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर प्रायमरने, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताने, पत्रा धरलाच नव्हता. बहुधा तेल राहिलं होतं. आणि प्रायमर पत्र्यावर तसाच असून वरचा रंग तेवढा सुटला असेल, तर रंगाच्या दोन हातांमधल्या वेळेचं अंतर चुकलं किंवा मध्ये घासायचं राहिलं. पुढे काय करायचं याचा अर्धा निर्णय या एका पोपड्यावर होतो.

तयारीचा क्रम इथून आपोआप ठरतो. आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलट केलं तर पॉलिश पेपर तेल ओरखड्यांमध्ये भरून ठेवतो. सॉल्व्हंट एका फडक्याने लावून तो वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. नुसता उडू दिला तर तेल होतं तिथेच राहतं, फक्त सारखं पसरून. रिव्हेटच्या कडेला जुनं सिलिकॉन असेल तर ते आधी खरवडून काढावं, त्यावर कुठलाच रंग बसत नाही. कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर लांब ठेवावेत. ते ऑक्साइड आणि धातू दोन्ही विरघळवतात आणि वर हायड्रोजनचे बुडबुडे सोडतात. घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टीलवूल नको, कारण लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुतून बसतात आणि प्रत्येक कण पुढे गंजाचं केंद्र ठरतो. गंमत म्हणजे पॉलिश पेपरवरची खरही बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच असते. ग्राइंडर वापरत असाल तर त्यावर आधी लोखंड घासलेलं नसावं; लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची बारीक पूड एकत्र आली की वर सांगितलेल्या थर्मिटचीच ती सामग्री होते.

तेल खरोखर गेलं का, हे पाणीच सांगतं. पत्र्यावर स्वच्छ पाणी सोडा. अखंड पडद्यासारखं पसरून राहिलं तर पत्रा तयार आहे. मध्येच फाटून थेंब गोळा होऊ लागले, तर त्या जागी तेल आहे. या चाचणीला एक पैसाही लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती कुणी करत नाही.

यानंतर फॉस्फोरिक आम्लाचा हात देण्याची पद्धत आहे. त्याने धातूची ‘छिद्रं उघडतात’ असं छातीठोक सांगणारे भेटतील. लाटलेल्या पत्र्याला त्वचेसारखी छिद्रं नसतात. आम्ल जुना, मळलेला ऑक्साइड विरघळवतं आणि पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत करतं, एवढंच. धुतल्याबरोबर नवा पापुद्रा आलेलाच असतो, फक्त आता तो पातळ आणि स्वच्छ असतो. याच पठडीतली दुसरी जाहिरातबाजी ‘नॅनो कोटिंग’ची. वरून चोळलं की काम झालं, तयारी नको, हमी जन्मभराची! खालचा थर भुसभुशीत असेल तर वरच्याला नॅनो म्हणा नाहीतर आणखी काही, तो त्याच्याबरोबरच निघणार.

घासल्यावर किंवा आम्लाने धुऊन वाळवल्यावर काही तासांत प्रायमर लागला पाहिजे. रात्रभर दमट हवेत ठेवलेला पत्रा सकाळी तसाच चमकताना दिसतो, पण वर हायड्रॉक्साइड जमायला सुरुवात झालेली असते. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं, नाहीतर न दिसणाऱ्या दवावरच रंग लागतो. प्रायमर शक्यतो दोन भागांचा एपॉक्सी घ्यावा. आम्लयुक्त एच (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग आम्लाने किंचित खाऊन धरणारा प्रायमर, आणि त्यावर एपॉक्सी, अशी दुहेरी खबरदारी घेण्याचा मोह होतो, पण एचमधलं उरलेलं आम्ल एपॉक्सीच्या अमाइन हार्डनरला मारतं आणि थर नीट कडक होत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं, किंवा ती जोडी चालते असं उत्पादकानेच लिहिलेलं असावं. वरचा रंग पॉलियुरेथेन असेल तर त्याला थोडी लवचिकता असते आणि ती लागतेच: ४ मीटरची ॲल्युमिनियमची होडी ४० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरहून अधिक लांब होते, पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. दोन भागांच्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. घरी ब्रश आणि रोलरच बरा.

आता पाण्याखालचा भाग. इथे चूक झाली तर रंग नव्हे, पत्राच जातो. शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचधारी समुद्री जीव) बसू नयेत म्हणून तळाला विषारी रंग देतात आणि त्यातलं नेहमीचं विष म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, तांब्याचं संयुग. ॲल्युमिनियमशी त्याचं काय होतं हे मोरचुदाच्या द्रावणात फॉइलचा तुकडा टाकून पाहता येतं. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही, पापुद्रा आपलं काम करतो. आता चिमूटभर मीठ टाका. क्लोराइड पापुद्र्याच्या कमकुवत जागा शोधतं, फॉइलवर तांबूस ठिपके उठतात, बुडबुडे येतात, भांडं हाताला गरम लागतं आणि थोड्याच वेळात फॉइलच्या चिंध्या होऊन तळाशी तांब्याचा लालसर गाळ उरतो. समुद्राच्या पाण्यात मीठ आयतंच असतं, आणि रंगातलं तांबं पोपडा उडालेल्या जागी उघड्या पत्र्यापर्यंत पोहोचतं. तिथे धातूरूपात बसलेला तांब्याचा कण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम यांची छोटी बॅटरी तयार होते. खड्डा पडू लागला की त्याच्या आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं. ऑक्साइड साधारण ४ ते ९ पीएचच्या दरम्यानच टिकतं, त्यामुळे खड्ड्यात पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि खड्डा आपणहून खोल जातो. बाहेरून दिसते ती फक्त तोंडाशी पांढरी भुकटी.

१८९५ ची अमेरिका कप जिंकणारी ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका याचं मोठ्या मापाचं उदाहरण होती. वजन वाचवायला पाण्यावरचा भाग ॲल्युमिनियमचा, पाण्याखालचे पत्रे कांस्याचे आणि सांगाडा पोलादाचा. तीन धातू आणि खारं पाणी. शर्यत तिने जिंकली, पण गंजाने पोखरत गेली आणि १९०१ मध्ये तिला मोडीत काढलं.

होडी रोज पाण्याबाहेर निघत असेल तर तळाला विषारी रंगाची गरजच नाही. कामाच्या कित्येक ॲल्युमिनियम बोटी तर रंगाविनाच आयुष्य काढतात. पाण्यातच राहणारी असेल तर आधी एपॉक्सीचे अनेक हात द्यावेत, कुठेही उघडा पत्रा ठेवू नये, आणि वरचा रंग क्युप्रस ऑक्साइडविरहित, डब्यावर ॲल्युमिनियमसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्यावा. तळाला बोल्टने बसवलेला जस्ताचा किंवा विशिष्ट ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ठोकळा, म्हणजे बळी जाणारा ॲनोड, असेल तर रंगवायच्या आधी त्यावर चिकटपट्टी लावावी. होडीच्या आधी झिजणं हेच त्याचं काम आहे आणि रंगाखाली त्याला ते करता येत नाही.